सहीवाल्यांच्या गाडीतला वास

गाडी परत आली तेव्हा तिच्या चाकांच्या खोबणीत अजून कारखान्यातलं मेण होतं. नऊ दिवसांत ती एकशे बारा किलोमीटर चालली होती. सोबत ग्राहकाच्या व्यवस्थापकाचं अर्ध्या पानाचं पत्र होतं. इंजिनाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, ब्रेकबद्दल नव्हतं, पाठ दाबून देणाऱ्या सीटबद्दलही नव्हतं. एवढंच होतं: "गाडीत आधी कुणीतरी बसून गेल्यासारखा वास येतो. मालकांना तो सहन होत नाही. आठवड्याभरात दूर करावा."

"कुणीतरी म्हणजे कोण?" आचाऱ्याने विचारलं. "नाव-पत्ता काही दिलाय का?"

"दिला असता तर आपल्याला कशाला बोलावलं असतं," केमिस्ट म्हणाला.

कारखान्यातली ही सगळ्यात मोठी, सगळ्यात उंच गाडी. वर्षाला चाळीसेक बनत आणि प्रत्येक गाडी एकेका ग्राहकाच्या हट्टाप्रमाणे बने. ग्राहकाकडे जाण्याआधी दोनशे अकरा गोष्टी तपासल्या जात. दार मिटल्याचा आवाज ऐकायला एक माणूस होता. शिवणीवरून बोटं फिरवायला दोघी होत्या. मागच्या सीटवर दोन-दोन तास पाय पसरून बसायला एक जाडा आणि एक हडकुळा, असे दोन पगारी गृहस्थ होते. शेवटची तपासणी नाकाची.

त्यासाठी मागच्या अंगाला एक पांढरी खोली होती, तिला लागून गाडी मावेल एवढी बंद शेड आणि तीन नाकं. पहिलं नाक ताई. वय सेहेचाळीस, या कामात एकोणीस वर्षं. तिघांत मतभेद झाला तर तिचा शब्द शेवटचा. दुसरा आचारी, आयुष्यभर हॉटेलच्या भटारखान्यात राबून मग इथे आलेला. तिसरा केमिस्ट, एकोणतीस वर्षांचा. त्याचं लग्न जमत नव्हतं आणि त्याचं खापर तो नोकरीवर फोडायचा. "मुलीला सांगितलं की मी वास घेतो, की ती फोनच ठेवते."

या लोकांना अत्तर, पावडर, सुगंधी साबण, काही चालत नसे. घरातल्या कुणालाही चालत नसे, कारण एकाच्या कपड्यांचा वास दुसऱ्याच्या कपड्यांना लागतो. तसा करारच होता आणि त्यावर घरच्यांचीही सही लागे. ताईच्या करारावर तिच्या नवऱ्याची सही होती. तो याच कारखान्यात होता. सगळे त्याला छतवाला म्हणत.

या गाडीचं छत त्यानेच केलं होतं. काळ्या मखमली कापडात सुईएवढी सोळाशे चाळीस भोकं, प्रत्येकात काचेच्या धाग्याचं एक टोक. दिवे लावले की छत चांदण्यांनी भरून जाई. बाकीचे ग्राहक नुसतं आभाळ मागत. या ग्राहकाने चांदण्यांमध्ये स्वतःची सही मागितली होती. मागच्या सीटवर रेलून मान वर केली की दीड फूट लांबीची स्वतःचीच सही, खाली रेघ आणि दोन टिंबं. तेव्हापासून कारखान्यात त्यांचं नाव सहीवाले.

सोमवारी दुपारी शेड पंचावन्न अंशांपर्यंत तापवली. पद्धत ठरलेली होती. गाडी बंद करून दोन तास तापत ठेवायची, मग एकेकाने आत जायचं, दोन मिनिटं बसायचं, बाहेर येऊन कुणाशी न बोलता कागदावर एक ते सहा यांतला आकडा लिहायचा. एक म्हणजे वासच नाही. सहा म्हणजे बसवत नाही. दोन वासांच्या मध्ये नाक थकू नये म्हणून आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावून चार श्वास घ्यायचे. बाहेरच्या माणसाने ते पाहिलं तर त्याला वाटे, तिघं हातात तोंड लपवून रडतायत.

आधी आचारी गेला. मग केमिस्ट. ताई शेवटी.

तिला कातड्याचा वास आला, थोडा गोड आणि जाडसर. लाकडावरच्या रोगणाचा आला. गालिच्याखालच्या रबराचा आला, तोही इतका पुसट की कागदावर धरायची गरज नव्हती. छताखाली मान नेली. काही नाही. तिने सीटच्या फटीत, पट्ट्याच्या खाचेत, दाराच्या कप्प्यात नाक घातलं. काहीच नाही. बाहेर येऊन तिने 'एक' लिहिला आणि मनात म्हणाली, माजलेत लेकाचे.

तीन कागद टेबलावर मांडले. आचारी चार. केमिस्ट चार. ताई एक.

एका आकड्याचा फरक रोजचा होता. तीन आकड्यांचा फरक ताईच्या एकोणीस वर्षांत झाला नव्हता.

"ताई, सर्दी?" केमिस्टने जपून विचारलं.

"नाही रे." ती पुन्हा आत गेली, जे नियमात बसत नव्हतं, आणि पाच मिनिटांनी घामेघूम होऊन बाहेर आली. "कुठून येतो?"

"छतातून," दोघं एकदम म्हणाले.

"कसला?"

आचाऱ्याने डोकं खाजवलं. "माणूस आहे. वाईट नाही. अंघोळ करणारा माणूस आहे. पण माणूस आहे."

"ओला पुठ्ठा," केमिस्ट म्हणाला. त्याला शब्दांत पकडायची सवय होती. "ओला पुठ्ठा, आणि त्याच्यामागे थोडं जिरं."

ताईच्या हातातली पेन्सिल टेबलावर टेकली ती तिथेच राहिली. सात वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण राहायला आली होती आणि जाताना गारठा होता म्हणून घरातली रजई घेऊन गेली होती. आठ दिवसांनी फोनवर हसत म्हणाली होती, "ताई, रजईला भाओजींचा वास येतो गं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. आमचे हे म्हणतात, माझ्या शेजारी कोण झोपलंय?" ताई तेव्हा चिडली होती. मुकाट्याने रजई परत मागवली होती आणि तिच्यात नाक खुपसून पाहिलं होतं. तिला काहीही आलं नव्हतं.

शहरातल्या हजार वासांतून एक वास उचलून बाजूला ठेवणारं तिचं नाक होतं. पण रोज रात्री शेजारी असणारा वास नाकाला येत नाही. मेंदू तो भिंतीसारखा धरून चालतो. हे ती नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायची.

साहेब चार वाजता आले. दर्जा विभागाचे प्रमुख, उभ्या उभ्या बोलणारे. त्यांनी तीन कागद पाहिले, ताईच्या कागदावर क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

"छत बदलायचं म्हणजे पुन्हा चार दिवस. करू. पण मालकांच्या ऑफिसातून विचारतायत की हा कोण. पुढच्या गाड्यांनाही तोच हात लागणार ना. त्यांच्या ओळखीतले आणखी तीन ग्राहक रांगेत आहेत."

"कोण म्हणजे?" आचाऱ्याने विचारलं.

"या गाडीत बारा जणांनी काम केलं. उद्या बाराही जणांना एकेक नवं बनियन द्यायचं. दिवसभर अंगात राहू दे. सुटताना काढून घ्यायचं. बगलेचा तुकडा कापून बरणीत घालायचा. बरण्यांवर नुसते नंबर. परवा तुम्ही तिघांनी वास घ्यायचा आणि छताच्या कापडाशी जुळवायचा. दोघांचं एकमत झालं की झालं. नाही झालं तर ताईंचा शब्द."

केमिस्टने चष्मा पुसायला घेतला.

"आणि त्या बाराजणांना काय सांगायचं?" ताईने विचारलं.

"कापडाची चाचणी आहे म्हणून सांगू. खोटं कुठे आहे त्यात?"

"आणि सापडला की?"

"हलवू दुसरीकडे."

दुसरीकडे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी एका सीटच्या शिवणीत पिकलेला केस सापडला होता. केसाच्या धन्याला बांधाबांधीच्या शेडमध्ये हलवलं आणि तीन महिन्यांनी तिथेही तो दिसेनासा झाला. इथे तर केस नव्हता, अख्खा माणूस होता. ज्याच्या अंगाच्या वासाची लेखी तक्रार आहे त्याला कुठला विभाग घेणार?

साहेब गेल्यावर आचारी म्हणाला, "मी आयुष्यात सडलेले मासे हुंगलेत, नासलेलं दूध हुंगलंय, गटारात पडलेला शेगडीचा कोळसाही एकदा हुंगलाय, पैजेवर. पण हे..." बेसिनवर जाऊन चूळ भरली.

घरी नवरा खुर्चीवर पाय घेऊन बसला होता आणि मानेला गरम पाण्याची पिशवी लावत होता. छताचं काम करणाऱ्याची मान कधीच जागेवर नसते. ताईने चपला काढायच्या आधीच सांगितलं, "अहो, उद्या तुम्हाला एक नवं बनियन देतील."

"फुकट?"

"फुकट."

"मग काहीतरी काळंबेरं आहे." तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. पुठ्ठा सांगितला, जिरं सांगितलं, रजई सांगितली. बरण्या सांगताना तिला शब्द सापडेनात म्हणून तिने फक्त आपल्या बगलेकडे बोट दाखवलं.

तो आधी खो-खो हसला. "म्हणजे मी सहीवाल्यांच्या डोक्यावर बसलोय म्हण ना! सहीच्या शेजारी!" मग हसणं हळूहळू ओसरलं. "मी अंघोळ करत नाही का गं?"

"दोनदा करता."

"मग?"

"तुम्ही चार दिवस हात वर करून पडून होतात. छताचा गोंद गारव्यात धरत नाही म्हणून शेड चाळीस अंशांवर होती. घाम कापडात गेला. कुणाचाही गेला असता."

"कुणाचाही गेला असता, पण त्यांचे घाम पावडरचे असते," तो म्हणाला. "आमच्या लाईनीत सगळे सकाळी अंगावर फवारे मारून येतात, फुलांची दुकानं नुसती. मीच एकटा कोरडा. एकोणीस वर्षं मी पावडरचा डबा घरात आणला नाही. मेहुण्याच्या लग्नात त्याने अत्तर दिलं ते तसंच परत दिलं. तुझ्या नाकाला चालत नाही म्हणून. आणि आता तेच नाक माझी बगल हुंगणार."

"तेच नाक," ती म्हणाली.

त्याने मानेवरची पिशवी खाली ठेवली. "त्यांना माझे हात चालतात. सोळाशे भोकं पाडणारे हात चालतात. बगल चालत नाही. हात कुठून सुरू होतो ते कुणी बघितलंय की नाही त्यांनी?"

ती स्वयंपाकघरात गेली, परत आली. "उद्या एक दिवस पावडर लावता का?"

"लावली तर?"

"तर पावडरखालीही पुठ्ठा राहीलच. तुमच्याकडे पावडर नसते हे तुमच्या लाईनीला माहीत आहे. केमिस्टला लगेच कळेल की कुणीतरी लपवलंय."

"मग विचारतेस कशाला?"

"सुचलं म्हणून."

मुलगी क्लासहून आली, दोघांची तोंडं पाहून "भांडलात का?" म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. तिच्या कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. घर दोन पगारांवर उभं होतं आणि त्यातला मोठा पगार छताचा होता. छताची ही कारागिरी शहरात दुसरीकडे कुठेच चालत नव्हती.

"तू काय लिहिणारेस?" शेवटी त्याने विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"एक सांगू? दुसऱ्या कुणाचा नंबर लिहू नकोस. त्या बाराजणांत दोघांना मीच कामाला लावलंय."

"ते काय मला कळत नाही?"

"कळतं. तरी सांगितलं."

मंगळवारी बारा बनियनं वाटली गेली. संध्याकाळी पुरुषांच्या खोलीबाहेर सुपरवायझर प्लास्टिकच्या पिशव्या उघडून उभा राहिला आणि एकेकजण बनियन काढून पिशवीत टाकत गेला. कुणीतरी विचारलं, "धुऊन परत देणार ना?" आणि हशा झाला. छतवाला हसला नाही. त्याने बनियनची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि मग टाकली.

बुधवारी सकाळी पांढऱ्या खोलीत बारा बरण्या ओळीने होत्या. लोणच्याला असतात तशाच रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणांच्या. प्रत्येकीत तळहाताएवढा पांढरा तुकडा, काहींवर पिवळसर कडा. एक जास्तीची बरणी होती, तिच्यात छताच्या काळ्या कापडाचा तुकडा. नंबर स्टोअरच्या माणसाने टाकले होते. कुठला कुणाचा याची यादी साहेबांच्या खिशात होती. साहेब खिडकीपाशी उभे होते. त्यांनी खिडकी उघडून घेतली होती.

ताईने पहिलं झाकण उघडलं.

घाम तिला नवा नव्हता. पण आजवर तिने कातडं हुंगलं होतं, गोंद हुंगला होता, रबर हुंगलं होतं. ज्याला आई आहे अशी वस्तू तिच्या बरणीत कधी आली नव्हती. पहिल्या बरणीत तंबाखू होती आणि फवाऱ्यातली खोटी लिंबं. दुसरीत आजारपण होतं. या माणसाची साखर वाढलेली होती आणि बहुतेक त्यालाही ते ठाऊक नव्हतं. तिसरीत लहान मूल होतं, खांद्यावर ओकलेलं दूध. चौथीत रात्रीची दारू, पाचवीत नुसती भीती, आंबूस आणि पातळ. दर झाकणाला एकेक माणूस उघडा होऊन तिच्यासमोर उभा राहत होता आणि त्यातल्या कुणीही तिला तशी परवानगी दिली नव्हती. तिला पुढचं झाकण उघडवेना. ते त्या वासांमुळे नव्हतं. वास माणसांचे होते आणि माणसांच्या जागी ते ठीक होते. बरणीत ते ठीक नव्हते.

तिने कोपरात नाक घातलं, चार श्वास घेतले आणि पुढे गेली.

नवव्या बरणीत काहीच नव्हतं. नवं कापड होतं, थोडी खळ होती. त्यापलीकडे शांतता. तिने झाकण हळूच लावलं. घरात शिरताना कुणी दार लावतं तसं.

दहा, अकरा, बारा.

केमिस्ट आधीच लिहून बसला होता. आचाऱ्याने बारा बरण्या बारा मिनिटांत उरकल्या, मोठ्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "साहेब, मला आज काही सांगता येत नाही. वय झालं."

"कालपर्यंत नव्हतं झालं," साहेब म्हणाले.

"एका रात्रीत होतं, साहेब. माझ्या वडिलांचंही तसंच झालं."

केमिस्टच्या कागदावर लिहिलं होतं: नऊ. त्याने कागद पुढे सरकवला आणि नजर टेबलाखाली नेली. नववी बरणी कुणाची हे त्याला माहीत नव्हतं. तो जे नाकाला आलं ते लिहिणारा माणूस होता. ताईनेच त्याला तसा घडवला होता.

आता ताईचा शब्द. साहेबांनी हात पुढे केला.

ताईने बारा रकान्यांत बारा वेळा 'एक' लिहिलं आणि छताच्या तुकड्यापुढेही 'एक' लिहिलं.

साहेबांनी कागद उलटा-सुलटा केला. "हे काय? वासच नाही? एकाही बरणीला?"

"मला येत नाही."

"म्हणजे?"

"सोमवारी गाडीतही आला नाही, साहेब. या दोघांना चार आला, मला एक. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं नाक गेलंय."

सोमवारचा कागद फाईलमध्ये होता. साहेबांनी तो काढून पाहिला. तो खरा होता आणि त्यावर त्या दिवसाची तारीख होती.

"एकोणीस वर्षांचं नाक असं तीन दिवसांत जातं?"

"जातं. साध्या तापाने जातं."

साहेबांनी कागद परत फाईलमध्ये ठेवला. मग केमिस्टला म्हणाले, "खरं की खोटं, ते कळायची काही सोय आहे का?"

केमिस्टने मान हलवली. सोय होती. दोन कुप्या लागत. एकीत सडलेल्या मांसाचा अर्क: ज्याचं नाक शाबूत आहे त्याला तो लपवता येत नाही, चेहरा आपोआप वाकडा होतो. दुसरीत नवसागराचा तिखट वायू, अमोनिया: तो नुसत्या वासाने नाही, झोंबूनही कळतो, म्हणून नाक गेलेला माणूसही त्याने दचकतो. सोंग घेणारा हे विसरतो. तो दोन्ही कुप्यांना "काही नाही" म्हणतो आणि पकडला जातो. ही युक्ती केमिस्टला ताईनेच शिकवली होती.

तो कपाटातून दोन कुप्या घेऊन आला. कुठली कुठली ते बाटलीवर नव्हतं.

पहिली उघडताच साहेबांनी रुमाल तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर डोकं काढलं. आचारी दारात जाऊन उभा राहिला. केमिस्टने कुपी ताईच्या नाकाखाली धरली.

तिने श्वास रोखला नाही. रोखला तर नाकपुड्या सांगतात. तिने रोजच्यासारखा पूर्ण श्वास घेतला, पोटापर्यंत. उन्हात फुगलेलं जनावर, त्याखाली गोडसर काहीतरी, आणि त्या गोडसरपणाखाली आणखी एक थर, जो बहुतेक लोकांना कधीच कळत नाही आणि तिला कळत होता. जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. ती समोरच्या भिंतीवरची बटणं पाहत राहिली. सहा बटणं, एकाचा कोपरा तुटलेला. दुसरा श्वास. तिसरा.

"काही नाही," ती म्हणाली.

दुसरी कुपी आली. तिचं डोकं मागे गेलं, डोळ्यांतून पाणी आलं. "झोंबलं. वास नाही."

केमिस्ट जवळच बसला होता. त्याला तिच्या हातावर उभे राहिलेले केस दिसत होते, मनगटापासून कोपरापर्यंत. ते पहिल्या कुपीपासून उभे होते. त्याने कुप्यांना बुचं लावली, चष्मा वर सरकवला आणि तक्त्यावर लिहिलं: घ्राणशक्ती नष्ट. खाली सही केली.

"नक्की?" साहेबांनी खिडकीतून विचारलं.

"नक्की," केमिस्ट म्हणाला. मग आपलाच कागद पुढे ओढून म्हणाला, "साहेब, माझ्या एकट्याच्या नऊवर तर निकाल होत नाही ना?"

"नाही."

"मग हा फाडू का?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. नवी बनियनं, नवा दिवस, नव्या बरण्या. त्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता. गाडी सोमवारी पोहोचवायची होती. जाताना त्यांनी बाराही बरण्यांतले तुकडे जाळायला सांगितले. जणू त्यांत रोग होता.

ताईला गुरुवारपासून टायरच्या गोदामात बसवलं. पगार एक तृतीयांशाने उतरला. पदाच्या जागी 'सहायक' आलं. नाक गेलेल्या बाईला टायरचा काय त्रास, असं कुणीतरी म्हणालं. ताईला त्या रबराने पहिल्या तासातच डोकेदुखी सुरू झाली. ती तिला दाखवता येत नव्हती.

आणि छत बदलायचं ठरलं तेव्हा सुपरवायझरने विचारलं, "बसवणार कोण?" साहेबांनी यादी पाहिली. सोळाशे चाळीस भोकांत सही पाडणारा कारखान्यात एकच माणूस होता.

"त्यालाच द्या," साहेब म्हणाले. "पण अंगातून काही बाहेर येता कामा नये."

म्हणून त्याला पांढरा प्लास्टिकचा पोशाख दिला, टोपीपासून पायांपर्यंत एकसंध. मनगटांना चिकटपट्टी, घोट्यांना चिकटपट्टी, वर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. फक्त बोटं उघडी, कारण हातमोज्यांत धागा धरता येत नाही. शेड चाळीस अंशांवर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार.

"आतून कसं वाटतं?" ताईने शुक्रवारी विचारलं होतं.

"स्वतःच्याच कढीत उकळतोय," तो म्हणाला होता. "पण सही आधीपेक्षा सरळ आलीय. गेल्या वेळी दुसरं टिंब जरा खाली गेलं होतं. कुणाला दिसलं नाही, मला दिसत होतं."

"तुम्ही त्यांची सही सुधारताय?"

"सही त्यांची असेल. छत माझं आहे."

रविवारी दुपारी चारला काम संपलं. ताई गोदामातून निघाली होती. शेडच्या मागच्या दारापाशी, सिमेंटच्या उतारावर, तो एका उलट्या खोक्यावर बसला होता. ओठ पांढरे पडले होते. त्याने मनगटाची पट्टी सोडली, पोशाख कमरेपर्यंत उतरवला. मग एक बूट ओढून काढला आणि तिरपा केला. पाणी पडलं. धार लागून पडलं, थोडंथोडकं नाही. मग दुसरा बूट. पाणी उतारावरून घरंगळत पुढच्या फरशीपर्यंत गेलं आणि तिथे साचलं.

सुपरवायझर धावत आला. "अरे, काय करताय! पाच वाजता मालकांचे व्यवस्थापक येतायत गाडी बघायला. इथूनच चालत जाणार ते. पुसून घ्या हे, फिनेल टाका."

छतवाल्याने उठायचा प्रयत्न केला. गुडघे उठू देईनात. तो पुन्हा बसला आणि आजूबाजूला फडकं शोधू लागला.

"तुम्ही बसा," ताई म्हणाली. ती सुपरवायझर आणि ते डबकं यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ताई, अहो, ते येतायत—"

"येऊ देत. चपला आहेत ना त्यांच्या पायांत?"

"वास येईल त्यांना!"

"मला तर येत नाही," ताई म्हणाली आणि नवऱ्याच्या बखोट्याला धरून त्याला उभं केलं. "राहू दे ते तसंच. वाळेल."